मूळ प्रमाणपत्रे ओलीस कशासाठी?

मा. संपादक,
स. न.

'पहिल्या नोकरीत टिकत नाही ही पिढी' हा कालच्या अंकातील लेख वाचला. पदवीधरांना पहिली नोकरी सोडण्याची घाई असते, असे लेखकाचे म्हणणे आहे. नोकरी सोडायची म्हटली तरी ती सोडू दिली जात नाही, याचा अनुभव मी घेतला आहे, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी २०२४ मध्ये बी.कॉम. झाली. पाच महिन्यांच्या शोधानंतर तिला पुण्यातील एका खासगी कंपनीत चौदा हजार पगारावर नोकरी लागली. रुजू होतानाच पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर दोन वर्षांचा करार लिहून घेतला आणि दहावीपासून पदवीपर्यंतच्या सर्व मूळ गुणपत्रिका 'पडताळणीसाठी' म्हणून ठेवून घेतल्या. पोच दिली नाही. पहिलीच नोकरी असल्याने तीही मागायचे धाडस करू शकली नाही, आणि मीही 'राहू दे' म्हणालो, याची खंत मला आजही आहे.

आठ महिन्यांनी एका सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीचे बोलावणे आले. रजा मिळाली, कागद मिळाले नाहीत. मी रात्रीच्या एसटीने बार्शीहून निघून सकाळी त्या कार्यालयात पोहोचलो. तेथील बाईंनी लोखंडी कपाट उघडले, तेव्हा माझ्या पत्नीने नाव लिहिलेली निळी फाइल मला समोर दिसत होती आणि तिच्या खाली-वर इतर मुलांच्या अशाच पंधरा-वीस फाइली होत्या. दोन महिन्यांचा पगार, म्हणजे अठ्ठावीस हजार भरल्याशिवाय फाइल मिळणार नाही, असे सांगण्यात आले. तेथील एका कर्मचाऱ्याने तर गुणपत्रिका हरवल्याची पोलिसांत तक्रार देऊन दुय्यम प्रती काढा, असा सल्ला दिला. जो कागद डोळ्यांसमोर कपाटात आहे, तो हरवला असे मी लिहून द्यायचे? मी नकार दिला. पैशांची जुळवाजुळव करून फाइल हाती आली, तोवर पडताळणीची तारीख उलटून गेली होती.

करार पाळला पाहिजे, हे मला मान्य आहे. ठरलेल्या मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची एका राष्ट्रीयीकृत बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली, हेही मी वाचले आहे. पण तो वाद पैशांचा होता. मुलांनी कष्टाने मिळवलेली प्रमाणपत्रे कपाटात डांबून ठेवण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळतो, असे मला वाटत नाही. कामगार विभागाने अशी कपाटे एकदा उघडून पाहावीत. डिजिलॉकरमधील गुणपत्रिका कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असताना पडताळणीला पुन्हा कागदच का मागितले जातात, याचे उत्तर सरकारनेही द्यावे.

आपल्यालाही एक विनंती आहे. ही नोकरी आम्हाला आपल्याच वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातीतून कळली होती. तीत पगाराचा आकडा नव्हता, मात्र 'मूळ कागदपत्रांसह भेटावे' ही ओळ ठळक होती. पगार किती आणि मूळ कागद पाहून लगेच परत देणार की नाही, हे लिहिल्याशिवाय अशी जाहिरात आपण स्वीकारू नये. मुलगी सध्या दुसरीकडे अर्ज करत आहे, म्हणून नाव प्रसिद्ध करू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बार्शी (जि. सोलापूर)