हबलच्या आरशाबद्दल

फोंडा, गोवा
२ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. ‘एवढे हुशार लोक, एवढा पैसा, तरी हबल या अंतराळ दुर्बिणीचा आरसा चुकला कसा?’ वेर्ण्याच्या कारखान्यात दिवसभर क्वालिटी कंट्रोल बघणाऱ्या तुला हा प्रश्न पडणारच. सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट आठवली की मला आजही हळहळ वाटते.

२.४ मीटरचा तो आरसा अमेरिकेत डॅनबरीला, पर्किन-एल्मर कंपनीत घासला. घासकाम उत्तम होतं. खोट होती मोजमापात. आकार तपासायला त्यांनी ‘नल करेक्टर’ बांधला होता: दोन छोटे आरसे आणि एक भिंग. भिंगाचं अंतर धातूच्या दांडीने ठरवायचं. दांडीच्या टोकाला टोपी, टोपीला बारीक भोक. त्यातून आत गेलेला लेसर दांडीच्या टोकावरून परतायला हवा. टोपीवरून तो परतू नये म्हणून तिला लेप दिलेला. पण भोकाजवळ लेपाचा टवका उडाला होता. लेसर तिथूनच परतला आणि भिंग १.३ मिमी भलत्या जागी गेलं. ते तेवढं सरकेना, तर वॉशर घालून बसवलं! अरे, तिथेच कुणीतरी थांबायला हवं होतं.

मग आरसा त्या चुकीच्या मापाला तंतोतंत उतरला. कड सुमारे ०.००२२ मिमी जास्त सपाट.

खरा संताप येतो तो पुढे. आणखी दोन उपकरणांनी दोष दाखवला होता. ती कमी अचूक म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. तुझ्याकडे एचपीएलसी आणि टायट्रेशन या दोन रासायनिक चाचण्यांचे आकडे जुळले नाहीत तर तू बॅच अडवतोस ना? तेवढंच हवं होतं. कोडॅकने घासलेला राखीव आरसा तर निर्दोष असून जमिनीवरच राहिला. एप्रिल १९९० मध्ये हबल वर गेली आणि जूनमध्ये दोष उघड झाला. चूक नेमकी किती ते कळल्यामुळे उताराही नेमका काढता आला. डिसेंबर १९९३ मध्ये ‘एंडेव्हर’ यानाच्या अंतराळवीरांनी तो बसवला.

इथे आमच्या पोरांचा सहा इंची आरसा सिरियम ऑक्साइडवर, म्हणजे पॉलिशच्या पावडरीवर आलाय. आरशाचा आकार तपासायच्या फूको चाचणीत ब्लेडची धार किरणांत सरकवली की काचेवर मेदूवड्यासारखी सावली उठते. पोरं हरखून बघत बसतात. चवथीला आलास की दोन दिवस जास्त राहा. रॉंकीची बारीक रेघांची जाळी लावून तपासायला त्यांना तूच शिकव, कॉलेजात ती तुलाच नीट जमायची.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मोहन