बागेतला प्रयोग फसला तर भरून कोण देणार?

मा. संपादक,

पर्यावरणपूरक शेतीवर काही छापून आलं की एक वाक्य ठरलेलं असतं, शेतकऱ्यांची मानसिकता बदलायला हवी. डोकंच फिरतं वाचून. फळं-भाजीपाला पिकवणारा माणूस नवीन काही घेताना एकच बघतो, फसलं तर निस्तरणार कोण.

अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्यावर रायन आणि ग्रॉस या संशोधकांनी केलेला अभ्यास १९४३ साली आला, त्यात दिसलं की बियाण्याची माहिती बऱ्याच जणांना विक्रेत्याकडून कळली पण खात्री पटली ती शेजाऱ्याचं बघून, आणि पटल्यावरही आधी थोड्याच जागेत पेरून बघितलं. मक्यात जमतं हो ते. फळबागेत नवीन जात लावली की फळ दिसायलाच काही वर्षं जातात, तोवर कर्जाचे हप्ते थांबतात का?

मित्रकीटकांचं, म्हणजे पिकावरची कीड खाणाऱ्या जिवांचं घ्या. फुलकिडे म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, त्यांच्यावर परभक्षी कोळी (त्यांना खाणारे तसेच बारीक जीव) सोडले की काम संपत नाही, नेहमीची कडक फवारणी बंद करावी लागते नाहीतर कोळीच आधी मरतात. आणि त्यांचा जम बसेपर्यंत पानावर फुलकिडे डोळ्यांदेखत फिरताना दिसतात, पंप बाजूला ठेवून नुसतं बघत बसायचं. तेवढ्यात फळावर ओरखडे पडले की माल खालच्या ग्रेडला, चवीत काडीचा फरक नसताना. सल्ला देणारा तेव्हा फोन उचलेलच असं नाही.

स्पेनमधल्या अल्मेरियात मित्रकीटक आधीपासून माहीत होते. पण २००६ च्या शेवटी तिथल्या ढोबळी मिरचीत परवानगी नसलेल्या कीटकनाशकाचे अंश सापडले, बाहेरच्या बाजारात गाजावाजा झाला, आणि पुढच्या एक-दोन हंगामांत बहुतेक मिरचीवाले मित्रकीटकांकडे वळले. फुलकिडे औषधाला दाद देत नव्हते हेही आहेच. मानसिकता काय एका हिवाळ्यात बदलली?

तेव्हा खरेदीदारांनी आधी सालीवरच्या डागाला थोडी सूट द्यावी आणि पहिल्या हंगामाचा तोटा वाटून घ्यावा, मग बघा किती जण तयार होतात. अजून एक, प्रात्यक्षिकाला नेहमी यशस्वी प्लॉटच दाखवतात. ज्याचा फसला त्याच्याकडेही न्या की, आम्ही तसंही नंतर त्यालाच गाठून विचारतो.

– एक बागायतदार