बाळंतिणीच्या मालिशवाल्या मावशींना, बाळाच्या आजीकडून

प्रिय मावशी,
स. न. वि. वि.

तुम्ही आमच्याकडे आलात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी. बाळाची मालिश, बाळंतिणीचा शेक, अंघोळ, एवढंच ठरलं होतं. आजीची पाठ त्यात कुठे होती? पण बाळाला घेऊन उठताना माझा हात कंबरेवर जातो, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही ते तुमच्या आलं. "ताई, स्पाची ड्यूटी दुपारची असते, त्याआधी तुमच्यासाठी वेळ काढते," म्हणालात आणि खरंच काढलात. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मालिश म्हणजे तेल ओतून रगडणं, हेच आजवर पाहिलेलं. तुम्ही मात्र तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून दिलीत आणि मला अंगावरच्या कपड्यांनिशी चटईवर आडवं केलंत. मांडीच्या मागे तळहाताने दाब, गुडघा हळूच छातीकडे, मग कंबरेला पीळ. ही स्पामध्ये शिकलेली थाई पद्धत. 2019 साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलेली 'नुआद थाई' ती हीच, हे मला लेकीने सांगितलं. "आधी तेल लावलं तर हात घसरतो, ताण धरता येत नाही, म्हणून कोरडं काम पहिलं," हे मात्र तुमचं. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला कोरडी नि तेलाची, दोन्ही पद्धती हातात मुरलेल्या लागतात.

मग तिळाचं कोमट तेल. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल, अगदी आपल्या अभ्यंगासारखं. पाठीचे स्नायू मात्र तुम्ही कणकेसारखे मळलेत. त्याला स्पात स्वीडिश म्हणतात म्हणे. आणि डाव्या खांद्याच्या फऱ्याखालची ती गाठ! तिच्यावर तुम्ही जोर केलाच नाहीत. कोपर टेकवलंत, "श्वास सोडा" म्हणालात आणि तशाच थांबलात. माझा श्वास लांबला तसा दाब वाढवत नेलात. दुखलं, पण दात खाऊन सोसावं असं नाही. गाठ सैल पडल्यावर पुन्हा नुसते हलके, लांब हात. जोराचं काम नेहमी मधे आणि शेवट हलका, हे माझ्या लक्षात आलंय.

पायांना काशाची वाटी आणि तूप. तळवा काळा झाला तेव्हा मी म्हटलं, उष्णता निघाली बरं! तुम्ही हसलात. "ताई, काशात तांबं आणि कथील असतं. तूप नि घामाबरोबर घासलं की काळं येतंच. झोप लागते ती पाय चोळल्याने." स्वतःच्या धंद्याची जादू अशी स्वतःच उतरवून ठेवणारं माणूस विरळाच. शेवटी डोक्याला तेल, कानांमागे बोटं. तोवर मी घोरत होते, असं लेक म्हणते. तिचं काय ऐकायचं!

सगळ्यात मोठे आभार तुम्ही जे केलं नाहीत त्याचे. उजव्या पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा पाहून तुम्ही तिथे दाब द्यायला साफ नकार दिलात आणि आधी डॉक्टरांना दाखवायला लावलंत. जेवण झाल्याझाल्या हात लावला नाहीत. बीपीची गोळी घेते का, हे पहिल्याच दिवशी विचारलंत. हल्ली 'कॉम्बो मसाज'च्या जाहिरातींत चार पद्धतींची नावं असतात आणि सगळ्यांच्या अंगावर तेच चार प्रकार त्याच क्रमाने उरकतात. तुमच्याकडे प्रकार अंगाकडे बघून ठरतो. कंबरेला ताण, पाठीला मळणं, गाठीला थांबणं, आणि शिरांच्या वाट्याला काहीच नाही.

एक तक्रार आहे. दिवसभर दुसऱ्यांची अंगं चोळून तुमचे अंगठे सुजतात, ते मी पाहिलंय. कोपर जास्त वापरायला लागलात ते बरं केलंत. पण रविवारी सुट्टी घ्या. आमच्या बाळाची एक दिवस मालिश चुकली तर काही बिघडत नाही, मी तेलाचं बोट फिरवीन.

माझ्या वन्संना तुमचा नंबर हवाय. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती गोष्ट त्या स्वतःहून सांगायच्या नाहीत, म्हणून मी आधीच कळवते.

तुमची,
बाळाची आजी