पायवाटेचे शेवटचे बिल पहिल्या पावसाळ्यानंतरच द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

विषय : बागा, क्रीडांगणे आणि पायवाटांच्या पृष्ठभागाची मोजमापे निविदेत लिहिण्याबाबत

महोदय,

सार्वजनिक बागेच्या दारात आता रॅम्प असतो. त्याचा उतार आणि कठड्याची उंची नकाशात लिहिलेली असते. पण रॅम्प संपल्यावर बाकापर्यंत, झोपाळ्यापर्यंत किंवा स्वच्छतागृहापर्यंत जी जमीन लागते, तिच्यासाठी निविदेत बहुधा ‘खडी पसरून दाबणे’ एवढेच असते. व्हीलचेअर अडते ती तिथे. त्या ओळीच्या जागी काय लिहावे, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

हाताने चालवायच्या व्हीलचेअरची मागची चाके साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची असतात, पुढची जेमतेम १० ते २० सेंटिमीटरची. पुढची चाके अरुंद असल्यामुळे थोड्या वजनानेही मऊ जमिनीत रुततात, आडवी फिरतात आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. वेग असेल तर बसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून जमीन टणक, स्थिर आणि न घसरणारी असावी लागते. टणक म्हणजे भाराखाली न दबणारी आणि स्थिर म्हणजे चाक वळताना बाजूला न सरकणारी. दोन्ही वेगळे तपासावे लागते, कारण गोल गोट्यांची वाट पायाखाली घट्ट वाटते आणि चाक वळताच उसवते.

खडीची वाट व्हीलचेअरला चालतच नाही, हा समज चुकीचा आहे. चुकीची खडी चालत नाही. फोडलेल्या दगडाची कोनदार खडी हवी, आणि तिच्यात १० मिलिमीटरपासून दगडाच्या भुकटीपर्यंत सगळे आकार एकत्र हवेत. धुतलेली, एकाच मापाची खडी दिसायला स्वच्छ असते म्हणून तीच आणून टाकली जाते. पण भुकटी गेली की खडीला बांधून ठेवणारे काही उरत नाही. आधी वरची सुपीक माती काढून तळ दाबावा. तळाला चिकणमाती असेल तर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कृत्रिम कापड) अंथरावे, नाहीतर चिखल हळूहळू वर येतो आणि खडी खाली जाते. त्यावर १०० ते १५० मिलिमीटरचा पाया घालावा, पण एका दमात नाही. ७५ ते १०० मिलिमीटरचा थर ओलसर करून दाबावा, मग पुढचा. ओल किती? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. कोरडी खडी दाबली तर सुटी राहते, जास्त ओली दाबली तर रोलरपुढे लाटा उठतात. दोन्ही कडांना आधाराची पट्टी लागते. ती नसेल तर वाट कडेने ढासळते. वाटेची पातळी शेजारच्या मातीच्या खाली गेली, तर पावसात तिचाच ओहोळ होतो आणि भुकटी आधी वाहून जाते.

पेव्हर ब्लॉकचे दुखणे वेगळे. खालची वाळू २५ ते ३० मिलिमीटर पुरते. पाया उंचसखल झाला की तो वाळूने भरून काढतात. मग जाड वाळूवरचे ब्लॉक खचतात, शेजारचे तसेच राहतात आणि मध्ये पायरी तयार होते. अमेरिकेच्या दिव्यांग हक्क कायद्याच्या (एडीए) २०१० च्या मानकांनुसार उभी पायरी जास्तीत जास्त ६.४ मिलिमीटर चालते. १३ मिलिमीटरपर्यंतच्या पायरीचा ६.४ मिलिमीटरच्या वरचा भाग १:२ उताराने (एक उंचीला दोन लांबी) तासून घ्यावा लागतो आणि त्याहून जास्त फरक असेल तर रॅम्प लागतो. गटाराच्या जाळीतली फटही १३ मिलिमीटरच्या आत हवी, आणि लांबट फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. जाळी फिरवून बसवायला एक पैसाही जास्त लागत नाही, तरी हीच चूक सर्रास होते. चकचकीत पॉलिश केलेला दगड मोकळ्या जागेत मुळीच नको.

लांबीच्या दिशेचा उतार १:२० पेक्षा तीव्र झाला की ती वाट राहत नाही, रॅम्प होतो. आडवा उतार पाणी वाहून जाण्यापुरता, साधारण २ टक्के ठेवावा. १:४८ ही मर्यादा आहे. त्यापुढे खुर्ची सतत उताराकडे ओढली जाते आणि माणसाला एका हाताने ढकलत दुसऱ्याने आवरावे लागते. शंभर मीटर असे गेल्यावर खांद्याचे काय होते, याचा विचार आराखडा करणाऱ्याने करायलाच हवा.

क्रीडांगणात पडणाऱ्या मुलासाठी जमीन मऊ आणि चाकासाठी टणक, अशा दोन्ही गरजा असतात. सुटी वाळू दुसरी गरज भागवत नाही. क्रीडांगणाच्या पृष्ठभागावर व्हीलचेअर चालते का हे तपासणाऱ्या एएसटीएम एफ १९५१ या अमेरिकी प्रमाणित चाचणीत १:१४ च्या रॅम्पवर खुर्ची चालवायला लागणाऱ्या श्रमांशी तुलना करतात. पृष्ठभागावर त्याहून कमी श्रम लागायला हवेत. लाकडी तंतूंचा थर ही चाचणी पार करू शकतो, पण झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी तो उकरला जातो. देखभालीच्या करारात तिथली नियमित भर आणि दाबणी लिहिलेली नसेल, तर तो निवडू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे कलम ९ इमारतींइतकेच बाहेरच्या जागांनाही लागू आहे. म्हणून आमची मागणी अशी : वरची मापे निविदेत आकड्यांत लिहावीत आणि शेवटचे बिल एक पावसाळा उलटल्यावर, पुन्हा मोजणी करूनच द्यावे. खचणे, वाहून जाणे, पाणी साचणे हे सगळे उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही. मोजणीला ६० सेंटिमीटरची डिजिटल लेव्हल (उतार आकड्यात दाखवणारी पट्टी), १३ मिलिमीटरची सळई आणि टेप पुरते. केबल किंवा नळासाठी जो कोणी वाट खोदेल, त्याने चर थराथराने दाबून भरावा आणि त्या जागेची मोजणी करून दाखवल्याशिवाय त्याची अनामत परत करू नये.

आणखी एक : मुख्य काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराने त्याच खडीचा किंवा ब्लॉकचा १० मीटरचा नमुना पट्टा करावा. स्वतः खुर्ची चालवणाऱ्या आणि इलेक्ट्रिक खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तींनी त्यावर सरळ जाऊन, वळून आणि पाणी मारल्यावर पुन्हा जाऊन पाहावे. या कामाचे त्यांना मानधन द्यावे, आणि त्यांची सही झाल्याशिवाय उरलेल्या लांबीचा कार्यादेश काढू नये.

आपले,
पायवाटांचे काम करणारे अभियंते आणि व्हीलचेअर वापरणारे नागरिक