सोनूला, नीट २०२५ च्या रिझल्टच्या आधी

सोनू,

फोनवर तू निस्तं हं हं करतीस आणि फोन आजीकडं देऊन टाकतीस, म्हणून म्हणलं लिहूनच पाठवावं, निवांत वाचशील आणि हं म्हणायचीबी गरज पडणार नाही. आज मुक्कामी गाडीला आहे. ड्रायव्हर मामा जेवून झोपले, माझी कॅश जुळली, आता मोबाईलवर टाईप करायलोय. काना मात्रा इकडं तिकडं झाला तर सांभाळून घे.

मामी सांगत होती की तू अजून नीटच्या पेपरच्या क्लासवाल्यांनी काढलेल्या आन्सर की घेऊन बसतीस, रोज मार्क जुळवतीस आणि रोज वेगळा आकडा येतो. येणारच की. तीन क्लासच्या तीन की, पाच-सहा प्रश्नांवर त्यांचंच आपसात जमत नाही, आणि एका प्रश्नाला बरोबरचे ४ धरायचे का चुकीचा १ वजा करायचा म्हणजे पाच मार्कांचा फरक, असे सहा प्रश्न धरले तर तीस मार्क इकडचे तिकडं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएची की येईल तेव्हा तुझ्या ओएमआरचा, म्हणजे उत्तरपत्रिकेचा, स्कॅनबी येईल, तेव्हा आपण दोघं मिळून एकदाच जुळवू. एखादं उत्तर त्यांचंच चुकलंय असं वाटलं तर प्रश्नामागं २०० रुपये भरून चॅलेंज करता येतं, ते मी भरीन. तोवर त्या पीडीएफ डिलीट कर. मामीला सांगितलंय बघायला, राग धरू नको तिच्यावर.

फिजिक्स अवघड गेलं असं तू एकटीच म्हणत नाहीस. त्या दिवशी सेंटरच्या गेटबाहेर मी अकरापासून होतो, पाच वाजता पोरं बाहेर यायली ती सगळी एकाच तोंडानं फिजिक्स फिजिक्स करत होती, टॉपर बॅचची म्हणवणारीबी. यंदा पॅटर्नबी बदलला ना, गेल्या वर्षीपर्यंत २०० प्रश्नातले १८० सोडवायचे आणि २०० मिनिटं, यंदा १८० च्या १८० आणि मिनिटंबी १८०. जे नाही जमलं ते सोडायची सवलत गेली. हे मला त्या गेटवरच एका सरांनी समजावून सांगितलं, नाहीतर मला कुठलं कळायलंय.

गेटवरचं एक तुला सांगायचं राहून गेलं. एक पोरगा बूट घालून आला, गार्डनी परत पाठवलं, बूट चालत नाहीत म्हणे, चप्पल किंवा सँडल पाहिजे. दीड वाजता गेट बंद होणार, वाजलेत सव्वा. त्याचा बाप देवणीकडचा, धोतर टोपीतला माणूस, त्यानं काही न बोलता पायातली चप्पल काढून पोराला दिली, पोरगा पळाला आत. आणि मग खालचं डांबर असं तापलेलं की म्हाताऱ्याला उभं राहवेना, म्हणून त्यानं पोराचे ते बूट घातले, लेस जमिनीवर लोळतायत, धोतर आणि खाली निळेशार स्पोर्ट शूज. पेपर सुटेपर्यंत तसाच बसला होता लिंबाच्या सावलीत. मला विचारतो, पाहुणे, सातशे वीसपैकी किती लागतात हो? मी म्हणलं मलाबी नेमकं माहीत नाही, कुणालाच नसतं. हसला नुसता. तू ऐकून हसशील म्हणून सांगायलोय, त्यातून काही शिकवायचं नाही मला.

किती लागतात ह्याचं खरं उत्तर मार्कात नाहीच, रँकमध्ये आहे. गेल्या वर्षी, २०२४ ला, मार्काला नुसती सूज आली होती, पहिल्या रिझल्टला ६७ पोरं ७२० पैकी ७२० ला होती, मग ग्रेस मार्काचा घोळ, सुप्रीम कोर्ट, सुधारून रिझल्ट लागला तेव्हा १७ उरली. त्या वर्षी ज्या मार्काला पोरं रडली त्याच मार्काला यंदा पेढे वाटतील असं ते सर म्हणत होते, पेपरच तसा होता. आत्या मात्र गेल्या वर्षीचा कटऑफ घेऊन बसलीय आणि मम्मीला फोन करून ऐकवतीय. तिला मी सांगितलंय की रिझल्ट लागेपर्यंत ह्या विषयावर फोन करायचा नाही, लग्नाचं मुंजीचं काय बोलायचं ते बोल.

आता कागदाचं. ह्याची तू अजिबात काळजी करू नको, हे खातं माझं. व्हॅलिडिटी हातात आहे हे आधी लक्षात घे, कारण निम्मी पोरं तिथंच अडकतात, मार्क असतात आणि जात पडताळणीचा कागद नसतो. तू अकरावीत असतानाच मी मागं लागलो होतो ते ह्याच्यासाठीच. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा चांगला धरतात, आणि आपल्या घरात तेवढा जुना कागद कुठला, तुझ्या पणजोबांच्या वेळी निजामाचं राज्य, गावात शाळाच नव्हती, जी तालुक्याला होती ती उर्दूतली. मग आजोबांच्या शाळेची नोंद काढली. गावच्या जिल्हा परिषद शाळेत हेडमास्तरांनी कपाटावरून लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं, शाई पार तपकिरी झालेली, पानं हात लावला की मोडतायत. त्यात आजोबांचं नाव, जन्मतारीख १ जून (आख्खं पानच १ जूनला जन्मलेलं होतं), जातीच्या रकान्यात जात, आणि शाळा सोडल्याचं कारण ह्या रकान्यात लिहिलेलं, ढोरं राखण्यास. चौथीतून. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय, तुला दाखवीन. पुढं एका ऑफिसात त्या नोंदीतल्या आडनावात वेलांटी ऱ्हस्व आहे आणि माझ्या टीसीवर दीर्घ आहे म्हणून फाईल परत पाठवली, ॲफिडेव्हिट झालं, वंशावळ झाली, टेबलावरचा माणूस रजेवर गेला, आला, ते सगळं जाऊ दे. कागद आला.

डोमिसाईल आहे, नॅशनॅलिटी आहे, नॉन क्रिमीलेअर नवीन काढलंय कारण त्याची मुदत ३१ मार्चला संपती, आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी वेगळं काढावं लागतं तेबी टाकलंय सेतूत. दोन वेगळी का, तर सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात जातात, त्याचं काउन्सेलिंग दिल्लीची एमसीसी करती, आणि उरलेल्या ८५ टक्क्याचं आपल्या राज्याचं सीईटी सेल. रजिस्ट्रेशन दोन्हीकडं वेगवेगळं करायचं, तारखा वेगळ्या, फीबी वेगळी. डेपोतल्या एका जोडीदाराच्या पोराचं असंच राहिलं, नीटचा फॉर्म भरला म्हणजे झालं असं वाटलं त्यांना. तुझी सगळी फाईल मी निळ्या प्लास्टिकच्या बॅगेत घातलीय, झेरॉक्सचे संच, स्कॅन केलेलं पेनड्राईव्हवर आणि मम्मीच्या मोबाईलवरबी.

पण कॉलेजची यादी मात्र तुझी. प्रेफरन्स फॉर्म तू भरायचा, मी शेजारी बसीन, बोट तुझं. मला ह्याच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायचं होतं. काका म्हणायलेत मुंबईचे कॉलेज वर टाका, मामा म्हणायलेत पोरगी आहे, नांदेडच्या पुढं पाठवू नका. दोघांचं ऐकून घे आणि सोडून दे. यादीत जे आवडतं ते वर, मिळेल का नाही मिळेल ह्याचा विचार करून खालीवर करायचं नाही, मशीन वरून खाली बघत येतं, जिथं तुझी रँक बसती तिथं थांबतं. वरचं नाही मिळालं म्हणून खालचं जात नाही. पण पुढच्या राऊंडला वरचं मिळालं की आधीची सीट आपोआप जाती, म्हणून जिथं जायचंच नाही ते कॉलेज यादीत वर टाकायचं नाही, कुणाला बरं वाटावं म्हणून तर नाहीच नाही.

तुला एक सांगू का, आपल्याकडच्या पोरांना ही यादी करायला मिळती हेच नवीन आहे. २०२० पर्यंत ७०-३० होतं, ७० टक्के जागा आपापल्या विभागातल्या पोरांना आणि ३० टक्केच सगळ्या राज्याला खुल्या. ऐकायला बरं वाटतं, पण मराठवाड्यात सरकारी कॉलेज चारच, संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर, आणि नीटला पोरं बसायची पावसाळ्यातल्या बेडकासारखी. चांगले मार्क घेऊन आपली पोरं घरी आणि तिकडं कमी मार्काला सीट. २०२० च्या सप्टेंबरात ते रद्द झालं. त्यानंतर धाराशिव, परभणी, आणि गेल्या वर्षी जालना आणि हिंगोली, म्हणजे आज आपल्या आठही जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. हिंगोलीचं तर तू बसलीस त्या वसमतपासून किती लांब. ही नवीन चार कॉलेज शंभर शंभर सीटची. माझं मत विचारशील तर जुनी वर टाक, कारण तिथं पेशंट आहेत. घाटीच्या ओपीडीला मी आजोबांना घेऊन गेलो होतो, तिथं शिकणाऱ्या पोरांना पुस्तकाबाहेरचं बघायला कमी पडत नाही. अंबाजोगाईत तर आख्ख्या भागातली बाळंतपणं आणि सर्पदंश येतात. नवीन कॉलेजात अजून वरच्या बॅच थोड्याच, नोट्स मागायला सीनियर कुठून आणायचे. पण हे माझं मत, कंडक्टरचं, तू तुझ्या मॅडमला विचार.

फोनचं म्हणशील तर पेपर झाल्यापासून मला रोज फोन यायलेत. नंबर कुठून मिळतो देव जाणे. सर जॉर्जिया, सर कझाकस्तान, सर बंगलोरला मॅनेजमेंट कोटा, आजच टोकन भरा. मामांनी एकाचं ऐकून दोन एकराचा हिशोबबी करून टाकला. तू त्या रानाचा हिशोब डोक्यात घेऊ नको, ते विकायचं नाही हे माझं आणि मम्मीचं ठरलेलं आहे, तुझ्या मार्कांवर ते अवलंबून नाही. बाहेर देशात शिकलं तरी इथं एफएमजीई नावाची परीक्षा पास झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, ते फोनवाले हे कधी सांगत नाहीत. आणि सरकारीत मिळालं तर पैशाचं फार ओझं नाही, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसीतल्या मुलींची शिकवणीची आणि परीक्षेची फी गेल्या वर्षीपासून सरकारनं पूर्ण माफ केलीय. हॉस्टेल आणि मेस तेवढं आपल्याला बघायचं. लातूरला तुझी दोन वर्षं निघालीच की, मम्मीचा डबा माझ्याच गाडीतून यायचा.

आता जे तू मामीपाशी बोललीस आणि मला नाही बोललीस ते. उदगीरचं व्हेटर्नरी. मामीनं सांगितलं मला. तू दिवाळीत एकदा म्हणली होतीस, तेव्हा मम्मी चिडली, ढोराची डॉक्टर व्हायला एवढे पैसे घातले का म्हणून, आणि तू गप बसलीस. मम्मीचं तू मनावर घेऊ नको, ती तिच्या भावजयांना काय सांगायचं ह्या काळजीत असती. व्हेटर्नरीबी नीटच्याच मार्कांवर होतं, फॉर्म वेगळा, नागपूरच्या विद्यापीठाचा, आणि आपल्याजवळ उदगीर आणि परभणी दोन कॉलेज आहेत. तो फॉर्म आपण भरायचा. एमबीबीएस नाही मिळालं तर म्हणून स्टेपनी ठेवल्यासारखा नको, मनातून भरायचा असंल तर भर. बीएएमएसचंबी तसंच, नांदेडला आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद आहे, तुला आवडत असंल तर टाक, नाही आवडत तर डॉक्टर म्हणवून घ्यायला म्हणून टाकू नको. आपल्या गावात एक म्हैस मेली की घराचं वर्षाचं गणित मोडतं, ह्या वर्षीच वरच्या आळीत दोघांचं मोडलं, आणि डॉक्टर आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तुला ते काम कमी वाटत नसंल तर मला कशाला वाटंल.

रिपीटचं आत्ता बोलायचं नाही. तिन्ही राऊंड होऊ दे. नंतर तुला वाटलं की अजून एक वर्ष द्यावं तर दे, नीटला अजून जास्तीच्या वयाचीबी अट नाही आणि किती वेळा द्यायची त्याचीबी नाही, पण ते तू म्हणायचं. शेजारच्या पोरीनं रिपीट केलं म्हणून नाही, क्लासवाल्यांनी फी अर्धी केली म्हणून नाही. त्या ट्युशन एरियात तू शेवटच्या दोन महिन्यात किती बारीक झाली होतीस ते डबा द्यायला आलो की मी बघत होतो, तुला वाटतं मला दिसत नाही.

बरं, मंगळवारी ये. वसमतहून नांदेडला ये, तिथून माझीच गाडी आहे दुपारची, स्टँडवर इकडं तिकडं फिरू नको, चौकशीच्या खिडकीपाशी थांब. येताना दहावीचं मूळ सर्टिफिकेट आण, ते तू सुटकेसच्या आतल्या कप्प्यात ठेवलंयस असं मम्मी म्हणती. पासपोर्ट साईजचे फोटो, नीटच्या फॉर्मवर लावलेलेच, उरलेत का बघ, नसतील तर त्याच स्टुडिओत सांगू. आणि बँकेचं पासबुक. मेडिकल फिटनेस इथं काढू, सरकारी दवाखान्यात ओळखीचं कुणी नाही पण लाईन लावली की होतं.

आजीला औषध वेळेवर दे. जेवण कर नीट.

तुझे पप्पा

ता.क. व्हेटर्नरीच्या फॉर्मचं मम्मीला मी सांगीन, तू सांगू नको. चांगल्या मूडमध्ये असली की बघतो, बहुतेक पाऊस पडल्यावर.