जपानला येताना: शब्बाथ, खाणं आणि सामान

प्रिय आई-बाबा,

शालोम.

टूरचं पत्रक नीट वाचलं. खाण्याची काळजी तुम्ही दोघं जास्त करताय, पण खरी अडचण तिथे नाही. फळं, अंडी, घरचं कोरडं असं धरून आठ दिवस निघतात. अडचण शनिवारची आहे. आपला शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत; त्यात ना गाडीत बसता येत, ना विजेचं बटण दाबता येत. ती अडचण पैसे भरायच्या आधीच सोडवावी लागते.

पत्रकात 'पाचवा दिवस', 'सहावा दिवस' असं आहे, वार कुठेच नाहीत. तुमच्या तुकडीची निघायची तारीख धरून प्रत्येक दिवसापुढे पेन्सिलीने वार लिहा. बुधवारी निघणाऱ्या तुकडीत शनिवार क्योतोच्या बसमध्ये जातो, ती नकोच. रविवारी रात्री निघणारी घ्या. तिच्यात शुक्रवारी गट ओसाकाला असतो आणि शनिवारी बुलेट ट्रेनने हिरोशिमाला जाऊन येतो. तुम्ही शुक्रवारी दुपारीच गट सोडून कोबेला जा. ओसाका स्टेशनवरून सान्नोमिया हे स्टेशन जलद लोकलने वीस-बावीस मिनिटांवर आहे. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री तिथेच राहा आणि रविवारी शिन-कोबेहून नोझोमी या बुलेट ट्रेनने थेट शिन-योकोहामाला या. सव्वादोन-अडीच तास लागतात, मी स्टेशनवर असेन. मुंबईचं परतीचं तिकीट गटाबरोबर नको, नंतरचं हवं. टूरवाले याला 'डेव्हिएशन' म्हणतात. बुकिंगच्या वेळी सांगितलं तर होतं, ग्रुप तिकीट निघाल्यावर सांगितलं तर दुप्पट पैसे जातात. कबूल केलेलं लेखी घ्या, फोनवरच्या 'हो जाएगा'वर राहू नका.

कोबेच का, तर तिथे कितानो भागात ओहेल शेलोमो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आणि प्रार्थनेची पद्धत आपल्यासारखी सेफार्दी, स्पेन-मध्यपूर्वेकडच्या ज्यूंची आहे. बाबांना आपल्या पद्धतीचं प्रार्थनेचं पुस्तक, सिद्दूर, शोधत बसावं लागणार नाही. एक मात्र आहे, कितानो टेकडीच्या उतारावर आहे. सान्नोमियाहून पंधरा-वीस मिनिटांचीच चाल, पण शेवटचा टप्पा चांगला चढाचा. आईच्या गुडघ्यांचा विचार करता हॉटेल शक्यतो वरच्या बाजूचं बघू, स्वस्त म्हणून बंदराकडचं नको. जेवण मिळेल का, ते मी सिनेगॉगला ईमेल करून आधी विचारते. पासपोर्टची प्रतही आधी पाठवावी लागेल. परदेशातल्या बहुतेक सिनेगॉगमध्ये अनोळखी माणसाला तसंच आत घेत नाहीत, आणि भारतीय चेहरा दिसला की दोन प्रश्न जास्त विचारतात. रागावू नका, पहारेकऱ्याचं कामच ते. ठाण्याच्या आपल्या सिनेगॉगच्या समितीकडून लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळींचं पत्र घ्या. त्याने बरंच बोलणं वाचतं.

आता वेळा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. टोकियोत साडेचारलाच, कोबेत पाचला दहा मिनिटं कमी असताना. म्हणजे कोबेत शुक्रवारी साडेचारच्या सुमारास शब्बाथचे दिवे लागलेले हवेत. आईला दुपारचा चहा झाल्यावर स्वयंपाकाला लागायची सवय आहे, ती इथे चालणार नाही. अंघोळ, कपडे, जेवणाची मांडामांड असं सगळं तीनपर्यंत आवरा.

आई, दिव्यांचं म्हणशील तर आपला खोबरेल तेलाचा ग्लास आणि वात घरीच ठेव. हॉटेलात उघडी ज्योत चालत नाही, छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. जुन्या पद्धतीची, तारेचा बल्ब असलेली सेलची टॉर्च मिळाली तर घे, नव्या सेलसकट. शब्बाथच्या आधी लावायची आणि विझेपर्यंत हात लावायचा नाही. तिच्यावर बेराखा, म्हणजे दिव्यांचा आशीर्वाद, म्हणायचा की नुसतंच लावायचं, यावर मतं वेगळी आहेत. निघण्यापूर्वी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हाझानना विचारून ठेव.

किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, वाइनची बाटली शोधत फिरू नका, आपलं किसमिसचं सरबत सर्वांत सोपं. काळी किसमिस आण. गुरुवारी रात्री एक वाटी किसमिस धुऊन दोन वाट्या पाण्यात भिजत घालायची. सकाळी फुगलेली दिसली की त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळायची, गार झाल्यावर हाताने चांगली चुरडायची आणि स्वच्छ फडक्यातून पिळून घ्यायची. दोघांना दोन वेळेला पुरतं. पाणी वाढवून बरकत आणू नकोस. किसमिस एकूण मापाच्या सहाव्या हिश्शाहून कमी झाली तर ते नुसतं गोड पाणी, त्यावर किद्दूश होत नाही. उकळायचं अशासाठी की ज्यू नसलेल्या कुणाचा हात लागला तरी प्रश्न उरत नाही. हबदालासाठी, म्हणजे शनिवारी रात्री शब्बाथ संपवतानाच्या प्रार्थनेत वास घ्यायला, सब्जाची पानं मात्र आणता येणार नाहीत, ताजी पानं कस्टमवाले काढून घेतील. लवंगांचं दुकानातलं बंद पाकीट न उघडता आण, वासाला त्या चालतात.

उकळायला घरची किटली आणू नका. इथे वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची १००० वॅटची किटली इथे जेमतेम १९० वॅटवर चालते, म्हणजे लिटरभर पाण्याला अर्धा-पाऊण तास. दिवा लागतो म्हणून माणूस वाट बघत बसतो आणि मग किटली बिघडली असं वाटतं. मी इथे एक नवी घेऊन ओसाकाच्या हॉटेलवर पाठवून देते. फोनचे चार्जर चालतात, फक्त प्लग दोन चपट्या पट्ट्यांचा लागतो. घरून एक लहान स्टीलचं पातेलं, दोन ताटल्या, दोन चमचे, हात धुवायचा प्लॅस्टिकचा मग आणि एक सुरी एवढं पुरे. सुरी मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत राहिली तर विमानतळावर जाईल.

मटण, चिकन, खिमा, सलामी यातलं काहीही आणू नका. शिजवलेलं, हवाबंद, डब्यातलं, 'आपल्या धर्माला चालतं' असा कोशरचा शिक्का असलेलं, कसंही असो. जपानमध्ये प्रवाशाला मांसाचा पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर त्यासाठी कुत्रे फिरतात. ताजी फळं-भाज्या, कच्चे तांदूळ, कच्ची डाळ यांनाही कागदपत्रं लागतात, तेव्हा तेही नको. चपात्या, लसणीची सुकी चटणी, लोणचं, मसाला, मात्सोथचं, म्हणजे बेखमीर कोरड्या पोळ्यांचं पाकीट हे चालतं. फॉर्मवर मांस, फळं, भाज्या असलं काही आहे का विचारतात, शंका असेल तर 'हो' लिहा आणि दाखवा. लपवलेलं सापडलं की मगच त्रास होतो.

आई, दशम्या करशील हे मला माहीत आहे. या वेळी दुधात भिजवू नकोस, गुळाच्या पाण्यात भिजव. दूध आणि मांस आपल्याला एकत्र चालत नाही; दुधातली पोळी पुढे कुणी मांसाच्या जेवणाबरोबर ताटात घेतली तर सगळंच बिघडतं, म्हणून शब्बाथच्या दोन अख्ख्या पोळ्या तरी दुधाशिवाय हव्यात. पाण्यातल्या दशम्या तव्यावरून उतरल्यावर पूर्ण गार होऊ दे, मगच डब्यात भर. वाफ राहिली तर तिसऱ्या दिवशी बुरशी. शनिवारसाठी मात्सोथ राखून ठेव, दशम्यांचं काय होईल सांगता येत नाही.

गटाचं जेवण भारतीय हॉटेलांत असतं. टूरवाला 'शुद्ध शाकाहारी' म्हणेल. भाजी शाकाहारी असेलही, पण तंदूर आणि तवा शाकाहारी नसतो, त्याच भट्टीत आधी कोंबडी भाजलेली असते. तिथे न कापलेली फळं, काकडी आणि आपल्या डब्यातलं खा. सुपरमार्केटमध्ये या दिवसांत 'मिकान' ही छोटी संत्री आणि 'काकी' हे नारिंगी फळ भरपूर असतं. दुधाच्या खोक्यावर 'ग्यून्यू' लिहिलेलं असलं की आत नुसतं गाईचं दूध, बाकी काही नाही. पावाला हात लावू नका, बऱ्याच पावांत डुकराची चरबी किंवा कशाची ते न कळणारं शॉर्टनिंग असतं. साधं दिसणारं सूपही सुक्या माशाच्या पाण्यात केलेलं असतं. मासा तर बाहेर नकोच. आपल्याला चालणारा, खवल्याचा असला तरी त्याच पाटावर, त्याच सुरीने न चालणारे माकूल आणि कोळंबी कापलेली असते. माझ्याकडे आलात की खवल्यांसकट अख्खा मासा आणून करू.

हॉटेलातला शनिवार म्हणजे यंत्रांशी सामना. शुक्रवारी दुपारी खोलीत शिरलात की एकेक बघून घ्या. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, ते आत राहू द्या. कोणते दिवे चालू ठेवायचे ते ठरवा, बाथरूमचा नक्की चालू. फ्रिज उघडला की दिवा लागतो, त्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा. सगळ्यांत अवघड कमोड. इथली सीट विजेवर चालते. जवळ गेलं की झाकण उघडतं, बसलं की पंखा सुरू होतो, उठलं की काही ठिकाणी आपोआप पाणी सुटतं. भिंतीतला तिचा प्लग शब्बाथच्या आधी काढून टाका. टाकीच्या बाजूला हाताने फिरवायचा दांडा असतो, त्याने पाणी सोडता येतं. सीट थंडगार लागेल, त्याला इलाज नाही.

खोलीचं कुलूप कार्डावर, म्हणजे बाहेर पडलात की स्वतःला उघडता येत नाही. पहिला किंवा दुसरा मजला मागा आणि साधी किल्ली आहे का विचारा. नसेल तर शनिवारी अमुक वेळेला दार उघडून द्यायला माणूस यावा, हे शुक्रवारीच काउंटरवर ठरवा. मी जपानीत चिठ्ठी लिहून पाठवते, ती दाखवा. जिना आधी चढून-उतरून बघा. बरेच जिने आगीच्या वेळचे असतात, आतून बाहेर जाता येतं पण बाहेरून दार उघडत नाही. खालचं मुख्य दार आपोआप सरकतं, दुसरं कुणी जात-येत असेल त्याच्या मागून निघा.

आणखी एक पेच. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असा इथला कायदा आहे, आणि शब्बाथला रस्त्यावर तो नेता येत नाही. शब्बाथला वस्तू नेता यावी म्हणून वस्तीभोवती आखलेली हद्द, एरूव, तिथे नाही असंच धरून चाला. सिनेगॉगला जाण्याबद्दल तिथल्या धर्मगुरूंना, रब्बींना, मी आधी विचारते, ते सांगतील तसं करू. बाकी फिरायला मात्र बाहेर पडू नका. खोलीतली आकड्यांची तिजोरी विजेची असते, पासपोर्ट तिच्यात नको.

बाबा, जपानमध्ये शनिवार नेमका कुठला, असा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारेलच. १९४१ साली युरोपातून निसटून कोबेला आलेल्या निर्वासितांपुढे तो खरोखर उभा राहिला होता, योम किप्पूरचा उपास बुधवारी करायचा की गुरुवारी. जेरुसलेमहून रब्बींनी बुधवार सांगितला. हाझोन इश या नावाजलेल्या रब्बींचं मत वेगळं होतं. त्यांच्या हिशेबाने तारखेची रेषा जेरुसलेमच्या पूर्वेला ९० अंशांवर, म्हणजे जपान पलीकडे पडतं आणि इथला रविवार हाच शब्बाथ ठरतो. आज इथल्या सिनेगॉगमध्ये स्थानिक शनिवारच पाळतात, काही जण रविवारीही काम टाळतात. तुम्ही शनिवारच धरा, नाहीतर रविवारची गाडी हुकेल.

विमानाचं थोडक्यात. कोशर जेवण तिकिटावर 'के-एस-एम-एल' या खुणेने नोंदवलं जातं. तिकीट काढताना सांगा आणि निघण्याआधी ४८ तास पुन्हा फोन करून नोंद आहे ना ते विचारा. डबा दुहेरी वेष्टणात, शिक्क्यासकट तुमच्या हातात आला पाहिजे. हवाई सुंदरीने मदत म्हणून आधीच उघडून गरम केला तर तो खाता येत नाही. तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामड्याच्या डब्या, आणि सिसिथ, म्हणजे गोंड्यांची शाल, हातातल्या बॅगेतच. रात्रीच्या विमानाने पूर्वेकडे येताना रात्र लहान होते. टोकियोत त्या दिवसांत सकाळच्या शेमा प्रार्थनेची वेळ नऊच्या सुमारास संपते आणि तुम्ही आठला उतरून इमिग्रेशनच्या रांगेत असणार. म्हणून शेमा सूर्य वर आल्यावर खुर्चीवरच म्हणून घ्या.

औषधं एक महिन्याची आणि चिठ्ठीसकट. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्यांना इथे बंदी आहे, आणि कोडीनचं कफ सिरपही नको. पाकिटावरचं वाचता येत नसेल तर फोटो पाठवा.

तुकडीची तारीख ठरली की वार लिहिलेल्या पत्रकाचा फोटो आधी मला पाठवा, मग पैसे भरा.

तुमची,
मुलगी