पहिल्या दिवशी ‘समजलं नाही’ म्हणायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीत नोकरीला निघालेल्या मराठी मुलामुलींच्या बातम्या आपल्या पानांवर आता नेहमी दिसतात. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीयांना द्यायच्या कुशल कामगार व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जर्मनीने जाहीर केलं. मीही त्याच महिन्यात, १ ऑक्टोबर २०२४ ला, श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात टेस्टिंग इंजिनिअर म्हणून रुजू झाले. सध्या सुट्टीत खारेगावला आईबाबांकडे आले आहे. आमच्या इमारतीतलीच दोन मुलं जायच्या तयारीत आहेत. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की व्हिसा, पगार, युरोचा भाव हे सगळं त्यांना पाठ आहे. पण तिथल्या ऑफिसात पहिल्या दिवशी काय होतं, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

माझी वेळ आठची होती. ऐरोलीला नोकरी करत होते तेव्हा कळव्याहून ठाणे, मग ट्रान्स-हार्बरची गाडी, आणि वर दहा मिनिटं जास्तीची, असा माझा हिशेब असे. तिथे मी पाऊण तास जास्तीचा धरला आणि सव्वासातलाच गेटसमोर जाऊन उभी राहिले. नुकतं उजाडत होतं. गेटवरच्या माणसाने पासपोर्ट पाहून माझं आडनाव तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा अगदी बरोबर म्हटलं. परक्या गावात तेवढ्यानेही किती बरं वाटलं! आठ वाजले तेव्हा ठाण्यात साडेअकरा झालेले, म्हणजे आईचा स्वयंपाक उरकला असणार, हे मनात येऊन गेलं.

नऊ वाजता आम्हा पाच नव्या लोकांना सुरक्षेची माहिती द्यायला एका खोलीत बसवलं. माझं काम टेस्ट बेंचवर, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या यंत्रांवर. सुरक्षा अधिकारी चाळीस मिनिटं बोलले. मी नौपाड्यातल्या एका क्लासमधून बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून गेले होते, पण त्यांचं बोलणं श्वाबियन या तिथल्या बोलीच्या वळणाचं आणि भरभर. निम्म्याहून जास्त माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी त्यांनी एकेकाकडे पाहत विचारलं, समजलं का? मी मान डोलावली, ‘या’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो’, म्हटलं आणि कागदावर सही केली.

का केली? तर सहा महिने प्रोबेशन होतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, हे डोक्यात घट्ट बसलं होतं. क्लासमध्येही निघताना शेवटचा सल्ला हाच मिळाला होता की पहिल्या दिवशी कशालाही नाही म्हणू नका, इम्प्रेशन पडतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधीपासून, शाळेपासून, ‘कळलं का?’ याला वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हणायचं असतं हीच सवय.

तिथे नव्या माणसाला एक जुना सहकारी जोडून देतात, त्याला ‘पाटे’ म्हणतात. माझे पाटे निवृत्तीला आलेले गृहस्थ. दुपारी बाराच्या सुमारास ते मला कँटीनला घेऊन निघाले. वाटेत भेटणारा जो तो ‘माल्त्साइट’ म्हणत होता. मला वाटलं कुणाचं तरी नाव आहे. त्या वेळेला जर्मन ऑफिसांत हाच नमस्कार असतो, हे त्यांनी समजावलं. जेवणात शिजवलेली मसूर आणि त्यासोबत श्पेट्झले नावाच्या जाडसर शेवया होत्या. माझ्यासाठी त्यांनी वरचे सॉसेज काढून ठेवायला सांगितले. (नव्या माणसाने सगळ्यांसाठी काही खायला आणायची तिथे रीत आहे हे मला माहीत नव्हतं, पण आईने दिलेले बेसनाचे लाडू बॅगेत होते. ते त्याच दुपारी संपले.)

जेवण झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, आग लागली तर आपल्या विभागाने कुठे जमायचं? मला सांगता येईना. बेंचची वीज तोडायचं बटण कुठे आहे? तेही नाही. ते रागावले नाहीत. पण त्यांचा चेहरा जो गंभीर झाला तो मी विसरलेले नाही. ते मला परत त्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, हिला हे पुन्हा सांगायला हवं, इंग्रजीत आणि बेंचपाशी उभं राहून. अधिकाऱ्यांनी माझी सकाळची सही माझ्यासमोर खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं दाखवलं. कामगाराला काम सुरू होण्याआधी आणि त्याला समजेल अशा रीतीने धोके सांगणं तिथे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पाटे मला एवढंच म्हणाले, ‘तू गप्प राहिलीस तर चूक आमची होते, आणि हात तुझा जातो.’

दुसरा ‘हो’ मी त्याच दुपारी एचआरमध्ये म्हटला. राहत्या पत्त्याची नोंद झाली का, असं त्यांनी विचारलं होतं. जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. नोंद झाली की करक्रमांक पोस्टाने घरी येतो. मी तात्पुरत्या खोलीत राहत होते आणि तो मालक कागद द्यायला तयार नव्हता. हे सांगायची मला लाज वाटली. ‘हो, होतंय’ म्हणाले. करक्रमांकच नाही म्हणून पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला गेला. घरभाडं आणि अनामत देऊन तो महिना मी ब्रेड आणि बटाट्यांवर काढला. पुढे क्रमांक आल्यावर जास्तीचे पैसे पगारात परत मिळाले. पण नंतर कळलं ते असं की कर्मचाऱ्याची चूक नसताना क्रमांकाला उशीर होत असेल, तर तीन महिन्यांपर्यंत कंपनी अंदाजाने योग्य वर्गाचा कर कापू शकते. पहिल्याच दिवशी ‘मालक कागद देत नाही’ एवढं एक वाक्य बोलले असते तर ही वेळ आली नसती.

त्या पहिल्या दिवशी रात्री फोनवर हे सुरक्षेचं बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. माझे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होते. शिक्षण सातवी, मराठी शाळेत. रुजू झाले त्या दिवशी त्यांच्याकडूनही एका इंग्रजी कागदावर सही घेतली होती. काही वर्षांनी रात्रपाळीत वायुगळती झाली. गळती झाली की वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी बघायची आणि वाऱ्याला आडवं पळायचं, हे त्या कागदात होतं, भिंतीवरच्या पाटीवरही होतं. दोन्ही इंग्रजीत. बाबा आणि त्यांचे सोबती गेटच्या दिशेने पळाले आणि वायूही तिकडेच वाहत होता. ते दोन दिवस दवाखान्यात होते. मी तेव्हा चौथीत होते. त्यांच्या खोकल्याचा आवाज मला आजही आठवतो.

१९४८ च्या कारखाना कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असल्या पाहिजेत. म्हणजे बाबांना मराठीत पाटी मागण्याचा हक्क होता. मी त्यांना विचारलं, तेव्हा कुणीच कसं म्हटलं नाही की आम्हाला हे वाचता येत नाही? ते म्हणाले, ‘पहिला दिवस होता गं. सगळेच सही करत होते.’

म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या भाषेच्या क्लासेसना, आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे. कॉफी कशी मागवायची आणि ‘देअर-दी-दास’ ही नामांची लिंगं शिकवाच, पण ‘दास हाबे इश निश्त फेरश्टांडन’, म्हणजे ‘हे मला समजलं नाही’, हे वाक्य मुलांकडून रोज मोठ्याने म्हणून घ्या. त्याला जोडून ‘हळू बोलाल का?’ आणि ‘एकदा करून दाखवाल का?’ हीसुद्धा. सरावाच्या मुलाखती घेता तशी सरावासाठी सुरक्षा-माहिती द्या, मुद्दाम भरभर बोला, आणि जो मुलगा मध्ये थांबवून विचारेल त्याला पैकीच्या पैकी गुण द्या. आणि जे इथेच, रबाळे-महापे-तुर्भ्याच्या कारखान्यांत पहिल्या दिवशी रुजू होणार आहेत, त्यांच्याकडूनही हे मराठीत म्हणून घ्या.

माझी सुट्टी या महिनाअखेरीपर्यंत आहे. ठाणे, कळवा, ऐरोली भागातल्या कुठल्याही क्लासने किंवा कॉलेजने बोलावलं तर मी येऊन तासभर मुलांशी बोलेन, मानधन नको. माझा फोन क्रमांक सोबत दिला आहे; तो छापू नये, पण विचारणाऱ्या संस्थेला जरूर द्यावा. संध्याकाळी सहानंतर केव्हाही येऊ शकते. बाबाही येतो म्हणाले आहेत.

आपली एक वाचक,
खारेगाव, कळवा (जि. ठाणे)